घोणस एकच, विष मात्र एकच नाही



कल्याणकडून येणारा रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो, तो शीळफाटा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. रात्रंदिवस वाहनांची वर्दळ, एका बाजूला पारसिकचा डोंगर, आसपास शीळ, डायघर ही गावे, उरलीसुरली भातखाचरे आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारती व गोदामे. भात आहे तेथे उंदीर असतात. गोदाम आणि उकिरडा आहे तेथेही ते असतात. आणि उंदीर आहेत तेथे त्यांच्या मागावर घोणस येते.

समजा, पावसाळ्यात अशाच एखाद्या गोदामामागे, फळ्यांच्या ढिगाखाली एक घोणस दिसली. जाड तपकिरी अंग, त्रिकोणी डोके, पाठीवर काळसर कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा. डिवचली तर प्रेशर कुकरच्या शिटीसारखा फुत्कार. अशीच घोणस तमिळनाडूत चेन्नईजवळच्या शेतातही सापडते. दोघींचे शास्त्रीय नाव एकच: डाबोया रसेली. मग दोघींचे विष सारखेच असेल काय?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक दगावले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे.

विष कशासाठी?

साप माणसाला मारण्यासाठी विष बाळगत नाही. माणूस हे त्याचे भक्ष्य नव्हे. विष हे शिकारीचे हत्यार आहे. घोणस उंदराला दंश करून बहुधा लगेच सोडून देते. उंदीर थोडे अंतर धावतो आणि कोसळतो. मग घोणस जीभ आतबाहेर करीत, गंधाच्या आधाराने त्याचा माग काढते.

हे विष म्हणजे एकच पदार्थ नसून अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. त्यांतील पुष्कळशी विकरे असतात. घोणशीच्या विषातील काही विकरे रक्त गोठवणाऱ्या घटकांना एकदम कामाला लावतात. वर्षभराचे धान्य एका दिवसात दळून संपवावे, तसे हे घटक भराभर वापरले जाऊन संपतात. त्यानंतर रक्त गोठेनासे होते आणि हिरड्यांतून, लघवीवाटे रक्तस्राव होऊ लागतो. म्हणूनच डॉक्टर रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करून पाहतात. रक्त पातळच राहिले असेल, तर विषाचा परिणाम रक्तावर झाला आहे असे समजते. किती साधी चाचणी, आणि किती मोलाची!

कुलूप आणि किल्ली

सर्पदंशावरची लस कशी बनते? घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा टोचतात व ती हळूहळू वाढवतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून लस बनवतात. प्रत्येक कुलपाला आपलीच किल्ली लागते, तसे प्रतिपिंड ज्या प्रथिनासाठी तयार झाले त्यालाच नीट जखडते.

हे शास्त्रज्ञांना सहजासहजी उमगले नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास नागाच्या विषावर लस तयार केली. ती सर्वच सापांच्या विषावर चालेल, अशी त्यांची समजूत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लँब यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. घोणशीच्या विषापुढे ती लस निष्प्रभ ठरली. आज आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांची विषे वापरून एकच लस बनवतात, त्यामागे हाच धडा आहे.

एकाच जातीत फरक

पण गोष्ट येथे संपत नाही. या लशीसाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. ही संस्था १९७८ साली स्थापन झाली. साप पकडायचा, विष काढायचे आणि त्याला पुन्हा निसर्गात सोडायचे, अशी तिची पद्धत आहे. म्हणजे किल्ली प्रामुख्याने तमिळनाडूतील कुलपासाठी घडवलेली असते. शीळफाट्याच्या कुलपाला ती तितकीच नीट बसेल काय?

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे. देशातील ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचे विष तपासून त्यांनी आपले निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध केले. विषाचे गुणधर्म ठिकाणानुसार बदलत होते. कोरड्या प्रदेशांतील घोणशींच्या विषात प्रथिने तोडणाऱ्या विकरांची क्रिया अधिक आढळली. तापमान आणि पाऊस यांवरून या फरकाचा काही भाग उलगडतो, सगळा नाही.

असे का व्हावे? भक्ष्याचा विचार करा. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. ही पिल्ले सरडे, पाली यांसारखे प्राणी खातात. मोठ्या घोणशी मुख्यतः उंदीर-घुशी खातात. हवामान बदलले की भक्ष्य बदलते, आणि भक्ष्य बदलले की शिकारीचे हत्यारही पिढ्यानपिढ्या बदलत जाते. पावसाने चिंब होणारा पारसिकचा डोंगर आणि सोलापूरकडचे कोरडे माळरान येथे घोणशीला एकच हत्यार कसे पुरेल?

मात्र यावरून लस निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नका. आज सर्पविषावर तोच एकमेव खरा उपाय आहे आणि ती वेळेवर मिळाल्याने असंख्य माणसे वाचतात. काही प्रदेशांतील सापांच्या विषावर ती कमी प्रभावी ठरते, एवढेच या संशोधनाचे सांगणे आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील विषे वापरून अधिक चांगली लस घडवणे हे पुढचे काम आहे. ते कदाचित तुमच्यापैकीच कोणी करील.

हे लक्षात ठेवा

साप चावल्यास रुग्णाला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि तडक लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावा. घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नका. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ दवडू नका.

विचार करा

१. तुमच्या घराजवळ उंदरांना अन्न कोठे मिळते? त्या जागांचा नकाशा काढा. सापांच्या वाटा त्यातूनच कळतील.

२. नागाच्या विषावरची लस घोणशीच्या विषावर का चालली नाही?

३. डोंगरउतारावरची झाडी जाऊन तेथे गोदामे आली, तर घोणशीचे भक्ष्य कसे बदलेल?