दुधाचे खाडे आणि माझी टिंबं

आमच्या कालनिर्णयावर मी दूधवाल्याचे खाडे मांडते आणि त्याच पानावर पाळीची तारीख, बारीक टिंबानं. ३४ व्या वर्षी मागची पानं चाळली तर वर्षभरात टिंबं फक्त तीन. आणि मी तेव्हा हिशेब करत होते पेशींच्या वयाचा!

पीसीओडी मला एकविसाव्या वर्षीच निघालं होतं. हनुवटीवर राठ केस, मानेवर घासून न जाणारा काळा पट्टा. ‘लग्न झालं की होईल सगळं सुरळीत,’ हे मावशीचं औषध. लग्न झालं, पाळी होती तशीच राहिली. मग केस विरळ व्हायला लागले आणि कुठंतरी वाचलं, या आजारात पेशी लवकर म्हाताऱ्या होतात. झोप उडाली.

त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. लुगड्याचे धागे उसवू नयेत म्हणून पदराला गोंडे बांधतात ना, तसे गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात. पेशी विभागत गेल्या की ते आखूड होत जातात. त्यांच्यावरच्या कामाला २००९ चं नोबेलही मिळालं. पीसीओडीमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, आत मंद दाह चालू राहतो आणि असा ताण पेशींना झिजवतो. पण टेलोमिअर मोजणाऱ्या अभ्यासांचं एकमत नाही. काहींना ते आखूड आढळले, काहींना फरकच दिसला नाही. हे मी नंतर वाचलं. आधी एका ‘अँटी-एजिंग’ क्लिनिकमध्ये १८ हजार रुपये भरून आले. रिपोर्टात माझ्या पेशींचं वय ४१ निघालं! सोबत तीन महिन्यांच्या गोळ्या. तिथं मला पाळीबद्दल एकदाही कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढं एकदा रक्तस्राव सुरू झाला तो १९ दिवस थांबेना. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पेशींचा रिपोर्ट बाजूला सारला आणि विचारलं, ‘शेवटची पाळी कधी?’ स्त्रीबीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं. माझं तसंच जाडावलं होतं. तुकडा तपासायला गेला. ते आठ दिवस कसे काढले ते लिहीत नाही. कर्करोग नव्हता, पण वाट त्या दिशेची होती. प्रोजेस्टेरॉनचे उपचार झाले, अस्तर पुन्हा तपासलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

साखरेतही असंच फसले होते. उपाशीपोटी ९६, म्हणून निर्धास्त. बाईंनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं तर १७२. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मानेवरचा काळा पट्टा वर्षानुवर्षं हेच सांगत होता आणि मी त्याला डाळीचं पीठ चोळत होते.

गंमत म्हणजे मला धास्ती होती ती अंडाशय म्हातारं झाल्याची. पण सोनोग्राफीत अंडाशयावर दिसतात त्या गाठी नसून अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या पिशव्या असतात. त्या जास्त असल्यानं बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं एएमएच हे संप्रेरक या आजारात बहुधा वाढलेलंच असतं.

तेव्हा बायांनो, दोन पाळ्यांत ९० दिवसांहून जास्त अंतर पडत असेल तर थांबू नका, मूल हवं असो वा नसो. गरोदर नाही ना, हे आधी पाहा. साखर मोजायची तर ग्लुकोज पिऊन करायची चाचणी मागून घ्या. सडपातळ असाल तरीसुद्धा. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही. चालणं, वजन उचलणं, पुरेशी झोप यांनी इन्सुलिनचं गाडं रुळावर यायला मदत होते. माझी पाळी त्यानं आणि औषधांनी मिळून सुधारली. हनुवटीचे केस आहेत तिथंच आहेत.

परवा धाकट्या मामेबहिणीनं त्याच गोळ्यांची जाहिरात पाठवली. ‘ताई, घेऊ का गं?’ मी विचारलं, शेवटची पाळी कधी आली? बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग उत्तर आलं, ‘दिवाळीच्या आधी.’ आम्ही होळीच्या पुरणाची तयारी करत होतो. तिला सोमवारची वेळ घेऊन दिली आहे, मीही सोबत जाणार आहे.