अंश, छेद आणि परप्रांतीय

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानी एकच वाक्य दोन ठिकाणी पडते. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून आलेली सहस्रावधी कुटुंबे नांदत आहेत. शहरात कोठे चोरी झाली की ‘बाहेरून आलेल्या लोकांमुळे गुन्हे वाढले’ असे कोणीतरी म्हणतो, आणि आपणांस वाईट वाटते. सुटीत मुंबईस आप्तांकडे गेलो म्हणजे तेच वाक्य पुन्हा ऐकू येते. त्या वेळी ‘बाहेरचे’ दुसरेच कोणी असतात, आणि आपण मान डोलावतो! हे विधान पडताळून कसे पाहावे, हा या पाठाचा विषय होय.

देशातील गुन्ह्यांचे वार्षिक आकडे केंद्र सरकारची एक कचेरी प्रसिद्ध करते. १९८६ साली स्थापन झालेल्या या कचेरीस राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग म्हणतात. तिच्या अहवालात वीस लाखांहून अधिक वस्तीच्या १९ शहरांची कोष्टके स्वतंत्र दिलेली असतात. त्यांत सुरतही आहे. वृत्तपत्रांतील ‘गुन्हेगारीत अमुक शहर पुढे’ अशा मथळ्यांचा उगम बहुधा याच कोष्टकांत असतो. शहरांची तुलना लक्ष लोकांमागे किती गुन्हे, या दराने करतात. दर हा अपूर्णांक आहे. म्हणून त्याचा अंश आणि छेद दोन्ही तपासले पाहिजेत.

प्रथम अंश पाहू. तेथे असतात ते नोंदविलेले गुन्हे, घडलेले सर्व गुन्हे नव्हेत. ठाण्यावरून तक्रारदाराला परत पाठविले तर आकडा घटतो. तक्रार तत्परतेने लिहून घेतली तर वाढतो. गुन्ह्यांत वाढ होणे आणि नोंदणीत वाढ होणे या भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा खुद्द विभागानेच दिलेला आहे. शिवाय गुन्हा कशास म्हणावे, हे कायदा ठरवितो. सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूर स्थानक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातेत आहे. गुजरातेत दारूबंदी असल्याने सीमेपलीकडे परवान्याने खुलेपणी चालणारी विक्री अलीकडे गुन्हा ठरते व आकड्यात भर घालते. फलाटावरून दहा पावले चालल्याने माणसाचा स्वभाव पालटत नाही, कोष्टक मात्र पालटते.

छेदाची गोष्ट अधिक मौजेची आहे. सुरत नागरी समूहाची लोकसंख्या २००१ साली सुमारे २८ लाख होती, ती २०११ साली सुमारे ४६ लाख झाली. २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झाली नाही. त्यामुळे २०२२ सालच्या अहवालातही शहरांचे दर २०११ च्याच लोकसंख्येवर काढलेले आहेत. याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने पाहू. एखाद्या शहरात ९,२०० गुन्हे नोंदले गेले आणि छेदस्थानी ४६ लाख धरले, तर दर २०० येतो. परंतु वस्ती वाढून वस्तुतः ६९ लाख झाली असेल, तर तोच दर सुमारे १३३ भरतो. म्हणजे नव्याने आलेल्या माणसाचा गुन्हा अंशात मोजला जातो, त्याच्या घरची चोरीही मोजली जाते. तो स्वतः मात्र छेदात कोठेच नसतो. जे शहर स्थलांतराने झपाट्याने वाढते, ते कागदावर अधिक गुन्हेगार दिसू लागते. आणि आरोपी कोणत्या प्रांतातून आला, हा रकाना त्या कोष्टकात नाहीच. मग ते वाक्य कशाच्या आधारावर उभे राहते?

कारागृहांच्या अहवालात तसा रकाना आहे खरा. पण तेथेही घाई उपयोगी नाही. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते; म्हणजे चारांपैकी तिघांचा निकाल लागलेला नव्हता. कोण सुटतो आणि कोण अडकून पडतो, हे पुष्कळदा जामिनावर अवलंबून असते. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागण्यात आला. त्याचा भाऊ जामीन राहू पाहत होता; पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, म्हणून तो नाकारण्यात आला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे अन्याय्य ठरविले. ज्याचे शेत, घर आणि भाऊबंद दूर गावी आहेत, त्याला परक्या शहरात जामीनदार कोठून मिळणार? तुरुंगात परप्रांतीय अधिक दिसले, तर हे कारण आधी तपासावे लागेल.

जातीच्या रकान्याचेही तसेच आहे. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के होते. तुरुंगांत पाचांत सुमारे एक बंदी या जातींचा असतो. हा आकडा त्यांच्या स्वभावाविषयी काही सांगत नाही. वकील, जामीन आणि पोलिसांची दृष्टी यांविषयी प्रश्न विचारावयास लावतो.

असे प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत झुंडी निग्रोंना (त्या काळचा शब्द, आज कृष्णवर्णीय म्हणतात) ठार मारीत, आणि स्त्रियांवरील अत्याचार हे कारण पुढे करीत. आयडा वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी गोऱ्यांच्याच वृत्तपत्रातील आकडे घेतले आणि १८९५ साली दाखवून दिले की, तो आरोप सुमारे एकतृतीयांश प्रकरणांतच होता.

आपल्याकडे सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी निरनिराळ्या राज्यांचे तुरुंग-नियम वाचून २०२० च्या डिसेंबरात एक लेख लिहिला. झाडलोट कोणत्या जातीने करावी आणि स्वयंपाक कोणी, हे काही नियमांत छापलेलेच होते! १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ज्यांची १९५२ साली त्यातून सुटका झाली, त्यांच्याविषयीचा जुना संशयही नियमांत शिल्लक होता. त्या स्वतः न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.

येथे एक पेच उत्पन्न झाला. रकानाच गेला, तर कोणत्या जातीचे किती लोक तुरुंगात आहेत, हे कळावे कसे? पुढे न्यायालयाने स्पष्ट केले की, या आदेशाने गुन्हे नोंद विभागाच्या माहिती-संकलनास बाध येत नाही. आमच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतही जातीचा रकाना आहे, आणि त्याच्या आधारे दर वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. पण त्या रकान्याकडे पाहून वर्ग झाडण्याची पाळी कोणाची, हे कोणी ठरवीत नाही.