फिनियस : स्पर्धेपलीकडचा मित्र

अमेरिकन लेखक जॉन नोल्स यांची ‘अ सेपरेट पीस’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ मध्ये, न्यू हॅम्पशायरमधील डेव्हन या निवासी शाळेत तिचे कथानक घडते. निवेदक जीन अभ्यासात अग्रेसर, तर त्याच्याच खोलीत राहणारा फिनियस ऊर्फ फिनी शाळेतील सर्वोत्तम खेळाडू. वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येकाला हे नाते ओळखीचे वाटेल. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही फिनीच्या स्वभावाचा विचार येथे मांडीत आहोत.

फिनीचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्याची निर्भय सहजता. शाळेचा टाय कमरेला पट्ट्याप्रमाणे बांधून तो शिक्षकांच्या चहापानास जातो आणि केवळ आपल्या बोलण्याच्या बळावर शिक्षेवाचून सुटतो. दुसरे वैशिष्ट्य सचोटी. जीन आपली उंची अर्ध्या इंचाने वाढवून सांगतो. फिनी मात्र आपण दोघेही पाच फूट साडेआठ इंचच आहोत, हे मोकळेपणाने बोलून दाखवतो.

तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे. शाळेतील पोहण्याचा जुना विक्रम तो एकदा सहज मोडतो. साक्षीला एकटा जीन. अधिकृत नोंदीसाठी पुन्हा पोहण्यास तो नकार देतो आणि ही गोष्ट कोणालाही सांगू नकोस, असे बजावतो. त्याने शोधलेल्या ‘ब्लिट्झबॉल’ या खेळात संघच नाहीत. खेळण्याचा आनंद त्याला पुरेसा आहे. कोणाला मागे टाकण्याची त्याला गरज नाही.

जीनला नेमके हेच उमगत नाही. आपले गुण घसरावेत म्हणूनच फिनी आपल्याला खेळात ओढतो, असा संशय तो मनात धरतो. फिनीच्या मनात तशी स्पर्धा कधी नव्हतीच, हे कळते तेव्हा त्याला स्वतःचे खुजेपण अधिकच बोचते. नदीकाठच्या झाडावर त्याचे गुडघे वाकतात, फांदी हलते आणि फिनी खाली कोसळतो. मोडलेल्या पायाबरोबर त्याचे खेळणे कायमचे संपते. तरीही, मित्रावर क्षणभर संशय आला म्हणून तोच जीनची क्षमा मागतो!

येथेच फिनीची मर्यादाही दिसते. ज्याच्या मनात वैर नाही, त्याला दुसऱ्याच्या मनातील वैर दिसत नाही. नकोसे वास्तव तो नाकारतो. युद्ध हे थोरामोठ्यांनी रचलेले थोतांड आहे, असे तो सर्वांना सांगतो. प्रत्यक्षात मात्र सैन्यभरतीसाठी गुपचूप अर्ज धाडत असतो. अखेर सत्य उघड होते तेव्हा तो धावत सुटतो, जिन्यावरून पडतो आणि पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी दगावतो. मृत्यूपूर्वी जीनचे ते कृत्य द्वेषातून नव्हे, तर एका आंधळ्या क्षणी घडले, हे त्याने मान्य केलेले असते.

आपण शिक्षक आणि पालक मुलांना सतत शेजारच्या मुलाशी ताडून पाहतो. त्यातून जीन घडतात. ही कादंबरी आपल्या मुलांच्या हाती अवश्य द्यावी आणि वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : विक्रम मोडल्याचे कोणाला सांगू नकोस, असे फिनी का म्हणाला असेल? मिळणाऱ्या उत्तरावरून आपले मूल स्वतःला कशाने मोजते, हे आपल्याला कळेल.