मिशनचं कॉलेज निवडताय? आधी ताळेबंद मागा

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या पालकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘मिशनवाल्यांचं कॉलेज आहे ना, मग डोळे मिटून घाला.’ दुसरा जरा आवाज खाली आणून विचारतो, ‘सर, पोरीला तिथं चर्चमध्ये तर नाही न बसवत?’ प्रवेशाच्या दिवशी मात्र दोन्ही गट अगदी सारखे वागतात. फी विचारतात, इमारत न्याहाळतात, आवारात चार मुलांशी बोलतात आणि फॉर्म भरून मोकळे होतात. संस्था कशासाठी निघाली, ती मुलांकडून काय मागते आणि तिथल्या प्राध्यापकांचा पगार कुठून निघतो, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते पालकांची बहुतेक काळजी दुसऱ्या प्रश्नावर खर्च होते. मुलाचं नुकसान झालंच, तर ते बहुतेक वेळा तिसऱ्यामुळे होतं.

आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज. ज्यांच्या नावाने ते चालतं ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. हे चर्चच मुळात १८४३ च्या फुटीतून जन्मलेलं. गावात पाद्री कोण असावा हे जमीनदाराने ठरवू नये, एवढ्या मुद्द्यावर शेकडो पाद्री सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले. पगार गेला, राहती घरं गेली आणि पुढचा सगळा कारभार लोकांच्या वर्गणीवर उभा राहिला. अशा चर्चचा माणूस भोसल्यांच्या राजधानीत येऊन शाळा काढतो. हेतू उघड होता, धर्मप्रसार. पण त्याच माणसाने नागपूरच्या परिसरातले खडक आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी आणि भाषा टिपून ठेवली. ‘हिस्लोपाइट’ या खनिजाला त्याचं नाव मिळालं. १८६३ मध्ये टाकळघाटकडची शिलावर्तुळं पाहून परतताना पुरात वाहून त्याचा अंत झाला.

वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याच्या नावाने कॉलेज सुरू झालं. मॉरिस कॉलेज त्यानंतर दोन वर्षांनी आलं. तेव्हा नागपुरात विद्यापीठ नव्हतं, म्हणून सुरुवातीला संलग्नता कलकत्ता विद्यापीठाची होती. नागपूर विद्यापीठ निघालं ते १९२३ मध्ये. म्हणजे या शहरात कॉलेज आधी आलं आणि विद्यापीठ चाळीस वर्षांनी. आजही शहरातल्या ख्रिस्ती कॉलेजांत शिकणाऱ्याच्या पदवीवर नाव असतं ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचं. सेमिनरी हिल्सचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेज १९५६ चं, कॅथलिक परंपरेतलं. वर्धा रोडवरचं सेंट व्हिन्सेंट पलोटी अभियांत्रिकी कॉलेज २००४ चं, पलोटाइन या कॅथलिक पाद्र्यांचं. तिघांना चालवणारे, त्यांचा काळ आणि पैशाचं गणित वेगवेगळं. ‘मिशनचं कॉलेज’ म्हणून सगळ्यांना एकाच पिशवीत टाकण्यात काही अर्थ नाही.

संस्थेचं ‘मिशन’ म्हणजे प्रॉस्पेक्टसच्या पहिल्या पानावरचा गुळगुळीत परिच्छेद, असं धरून आपण पान उलटतो. ते चालू अभ्यासक्रमांत शोधावं. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्सली हिस्लॉपमध्ये आले आणि तिथे पत्रकारितेचा विभाग उभा राहिला. विदर्भातल्या मुलांना वर्तमानपत्राचं काम पदवीच्या पातळीवर शिकवण्याचा विचार त्या काळी फारच थोड्यांना सुचला असेल. असा एखादा विभाग आजही जोमात आहे की नुसता बोर्ड उरलाय, हे पाहिलं की मिशन कळतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तर मिशन करारातच लिहिलेलं असतं. फी अत्यंत कमी, पण प्रायोजित जागेवर शिकलेल्या डॉक्टरला पुढे मिशनच्या रुग्णालयात सेवा द्यावी लागते. आडगावच्या दवाखान्यात दोन वर्षं काढायची मुलीची तयारी असेल तर वेल्लोरसारखी जागा नाही. नसेल तर फी कमी आहे म्हणून धावू नका.

आता तो हलक्या आवाजातला प्रश्न. ही भीती हवेतून आलेली नाही. १८४० च्या दशकात हिस्लॉपच्या शाळेतल्या एका ब्राह्मण मुलाच्या धर्मांतरावरून नागपुरात मोठं वादळ उठलं होतं. पण त्यानंतर संविधान आलं. त्याचं कलम २८(३) सांगतं की शासनमान्य किंवा शासकीय मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही स्वतःच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणून अकरावीच्या फॉर्मवर सही करताना बारीक अक्षरात अशी संमती घेतली आहे का, ते वाचा. घेतली असेल आणि तुम्हाला नको असेल, तर तसं लेखी कळवा. एवढंच. रा. स्व. संघाचे दुसरे सरसंघचालक माधवराव गोळवलकर इंटरमिजिएटला हिस्लॉपमध्येच होते, हे मी घाबरलेल्या पालकांना मुद्दाम सांगतो. चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरतो.

सगळीकडे मात्र श्रद्धा अशी बाजूला ठेवता येत नाही. पुण्यातलं स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ हे महाराष्ट्रातलं खरंखुरं ख्रिस्ती विद्यापीठ. १९१५ मध्ये कोइम्बतूरला निघालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्यात आली आणि २०१४ च्या कायद्याने विद्यापीठ झाली. अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात, दारू-तंबाखू वर्ज्य, शाकाहाराकडे ओढा. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या आठवड्याची घडीच यातून ठरते. एखाद्या वैदर्भीय घराला ते आवडेल, एखाद्या सावजीप्रेमी चिरंजीवाला तीन वर्षं जड जातील. आधी विचारलं तर दोघांचंही भलं. अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती विद्यापीठांत तर विद्यार्थ्याला आचरणाच्या करारावर सही करावी लागते आणि त्यात नातेसंबंधांपासून मद्यापर्यंत सगळं येतं. तो करार संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. अर्जाची फी भरण्याआधी घरात बसून मोठ्याने वाचा, मुलासमोर.

आणखी एक गोष्ट, आरक्षणाची. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांना कलम ३० खाली स्वतःचा कारभार चालवण्याचा अधिकार आहे आणि खासगी संस्थांतल्या आरक्षणाची तरतूद करणाऱ्या कलम १५(५) मधून त्यांना वगळलेलं आहे. म्हणून जातीचा दाखला हातात आहे, कटऑफही बसतोय, तरी जागेचा हिशोब निराळा निघू शकतो. शिष्यवृत्तीची गोष्ट मात्र वेगळी. ती त्या संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला लागू आहे की नाही, हे महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर नाव शोधून आधीच पाहता येतं. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना राज्याच्या अनेक योजना लागू नसतात. नागपुरातल्या कॉलेजात जे शिक्षण जवळजवळ फुकट पडलं असतं, तेच बाहेरच्या चकचकीत कॅम्पसवर लाखोंच्या घरात जातं. हे प्रवेशानंतर कळलेली घरं मी पाहिली आहेत.

आता पैसा. मिशनच्या संस्थेला विलायतेतून पैसा येतो, तिला काय कमी, हा समज फार जुना आणि बऱ्याच अंशी चुकीचा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी अनुदानाची पद्धत सुरू झाली आणि मिशनच्या शाळा-कॉलेजांनी ते अनुदान घेतलं. १९७० मध्ये सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेही आपल्या नागपुरातच. तोवर मिशनची सूत्रं बऱ्याच ठिकाणी भारतीयांच्या हाती आली होती आणि परदेशी वर्गणीचा ओघ आटत चालला होता. आज परदेशातून देणगी घ्यायची तर एफसीआरए नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच उतरते आणि नोंदणी गेली की ओघ बंद. शहराच्या मध्यावर मोठी जमीन, दगडी इमारत, जुनी झाडं ही जुन्या संस्थांची दौलत खरी. पण जमिनीतून दर महिन्याच्या एक तारखेला पगार निघत नाही.

पगार निघतो दोन ठिकाणांहून. अनुदानित तुकडी असेल तर मान्य पदांचा पगार राज्य सरकार देतं. विनाअनुदानित असेल तर सगळं तुमच्या फीवर. आणि इथेच पालक फसतात, कारण एकाच फाटकाच्या आत हे दोन्ही संसार नांदत असतात. बी.ए., बी.एस्सी.च्या जुन्या तुकड्या अनुदानित, तर शेजारच्या खोलीतला संगणकाचा किंवा व्यवस्थापनाचा नवा अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित. दीडशे वर्षांची पुण्याई पाहून तुम्ही प्रवेश घेता आणि मुलगा बसतो त्या वर्गाचा जमाखर्च पाच-दहा वर्षांचा असतो. अनुदानित तुकडीतही सारं आलबेल नसतं. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरायला शासनाची मंजुरी लागते, ती लवकर येत नाही आणि तासिका तत्त्वावरची मंडळी वर्ग ओढत राहतात. त्यांच्या शिकवण्यावर माझा आक्षेप नाही. यातले कितीतरी जण उत्तम शिकवतात. पण ज्याला पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याच्याकडून शिफारसपत्राची, प्रकल्पाची, तीन वर्षांच्या सोबतीची अपेक्षा कशी करणार?

हे तपासायला सीए असायची गरज नाही. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणारी संस्था आपली माहिती संकेतस्थळावर टाकते. ती पीडीएफ उघडा. प्राध्यापकांच्या तक्त्यात प्रत्येकाची पात्रता, अनुभव, रुजू झाल्याची तारीख आणि नेमणुकीचा प्रकार दिलेला असतो. तुमच्या विषयाची नावं शोधा आणि नुसत्या तारखा वाचत जा. एखाद्या विभागात सगळेच गेल्या दोन वर्षांत आलेले असतील तर आधीचे का गेले, हे विचारा. त्याच कागदात नोकरी मिळालेल्यांची संख्या असते आणि त्यांच्या पगाराचा मध्यांकही. जाहिरातीच्या फलकावर ‘सर्वोच्च पॅकेज’ झळकतं, मध्यांक तिथे सापडत नाही. नॅकच्या मूल्यांकनासाठी लिहिलेल्या स्वयंमूल्यांकन अहवालात कारभार आणि निधीची माहिती निघते. लेखापरीक्षित हिशोब हाती लागलाच तर सगळं वाचू नका. देणे बाजूला ‘देय वेतन’ आणि भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी दरवर्षी फुगते आहे का, आणि येणे बाजूला शिष्यवृत्तीची रक्कम अडकून पडली आहे का, एवढं पाहा. पहिलं धोक्याचं. दुसऱ्यात दोष बहुधा संस्थेचा नसतो, सरकारकडून पैसे उशिरा येतात. पण चटका मुलांनाच बसतो, कारण मग कॉलेज गुणपत्रिका अडवून आधी फी भरा म्हणतं. अभियांत्रिकीला गेल्या तीन वर्षांत किती जागा रिकाम्या राहिल्या, हेही विचारा. फीवर चालणाऱ्या संस्थेत रिकामी बाकं म्हणजे तिजोरीतली तूट.

परदेशी जाणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू. न्यूयॉर्कमधल्या किंग्ज कॉलेज या ख्रिस्ती कॉलेजने पैशाअभावी २०२३ मध्ये वर्ग थांबवले. पेनसिल्वेनियातलं कॅब्रिनी हे कॅथलिक विद्यापीठ २०२४ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी अलाबामातलं मेथडिस्ट परंपरेचं बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज बंद पडलं, ते १८५६ पासूनचं होतं. यातल्या कोणाची श्रद्धा कमी पडली असं नाही, विद्यार्थी आणि पैसा कमी पडला. व्हिसावर गेलेल्या मुलाचं कॉलेज बंद झालं तर नवी संस्था, व्हिसासाठी लागणारा नवा आय-२० फॉर्म अशी पळापळ सुरू होते. अमेरिकेचा शिक्षण विभाग खासगी संस्थांना आर्थिक प्रकृतीचा गुणांक देतो, उणे १ ते ३. दीडच्या खाली गेलेली संस्था दिसली तर दुसरा पर्याय हाताशी ठेवा. आपल्याकडे असा तयार आकडा नाही, म्हणून कागद मागावे लागतात.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांना लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. अनुदान घेणाऱ्या कॉलेजला माहितीचा अधिकार लागू आहे. मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिका तत्त्वावर किती आणि तुमच्या मुलाची तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, हे चार प्रश्न आधी कार्यालयात तोंडी विचारा. चांगलं कॉलेज तिथल्या तिथे सांगतं. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून निकालाची वाट पाहत बसू नका, अर्ज एप्रिलमध्येच द्या.