उपकारक जीवाणूंना वनस्पतिजन्य कवच

दह्यातील व औषधांतील उपकारक जीवाणूंपैकी पुष्कळसे जठराच्या तीव्र आम्लातच नष्ट होतात. ते मोठ्या आतड्यापर्यंत जिवंत पोहोचावेत, यासाठी वनस्पतिजन्य तंतुद्रव्यांचे कवच योजिले जाते. पेक्टिनचा एक प्रकार कॅल्शियमच्या संयोगाने घट्ट होतो. त्याच्या सूक्ष्म मण्यांत जीवाणू कोंडता येतात. हे मणी आम्लात बऱ्याच अंशी टिकतात. मोठ्या आतड्यात पेक्टिनचे विघटन होऊन जीवाणू मोकळे होतात.

नाशिक जिल्ह्यातील लासलगावची बाजारपेठ ज्या कांद्यासाठी प्रसिद्ध आहे, त्याच्या टाकाऊ टरफलांतही पेक्टिन असते. कांद्यातील फ्रुक्टन लहान आतड्यात पचत नाही व पुढे याच जीवाणूंचे खाद्य होते.

तथापि, बालकांच्या अतिसारावर पहिला उपाय जलसंजीवनी व जस्ताची गोळी हाच होय. जीवाणूयुक्त औषधे त्याची जागा घेऊ शकत नाहीत, हे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी गावोगावी समजावून सांगावे.