विषाची परीक्षा, वीस बाजूंच्या फाशावर

प्रश्न : आम्ही मित्र डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो. राक्षसी कोळी चावला काय किंवा कुणी तलवार मारली काय, दोन्हीकडे हिट पॉइंट्सच कमी होतात. रात्रभर झोप काढली की गडी सकाळी ठणठणीत! जुन्या आवृत्त्यांत म्हणे विषानं एका फाशात माणूस मरायचा. मग विषाचा नियम असावा तरी कसा? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही टोकं मला नापसंत आहेत. तरी एकच निवडायची सक्ती झाली, तर मी जुनं निवडेन. निदान त्यात विषाची भीती तरी होती.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला, तेव्हाचा नियम सरळ होता : विषाविरुद्ध सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाका, साधला तर वाचलात, हुकला तर बहुतेक वेळा मेलात. १९८१ च्या बेसिक संचात पहिल्या पातळीच्या फायटरला (योद्ध्याला) वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त लागत. म्हणजे वाचण्याची शक्यता ४५ टक्के. असा फायटर कोळ्याचं जाळं दिसलं की दहा फुटांवरूनच मशाल फेकायचा, आणि ते शहाणपणाचंच होतं. पण एकदा दंश झाला की खेळाडूच्या हातात करण्यासारखं काही उरत नसे, ही त्या नियमाची खरी खोट. गंमत म्हणजे त्याच संचातली राक्षसी गोम जीव घेत नाही. ती दहा दिवस आजारी पाडते, माणूस निम्म्या वेगानं कसाबसा चालतो, लढता येत नाही. भुयाराच्या तळाशी असा सोबती गळ्यात पडला की पुढे जायचं की परतायचं यावरून जी भांडणं होतात, तो खरा खेळ!

हिट पॉइंट्स म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे. नशीब आणि लढण्याचं कसबही त्यात मोजलेलं असतं, असं गायगॅक्सनंच १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये लिहून ठेवलंय. मग रक्तात भिनलेलं विष नशिबातून कसं वजा करणार? तिथेच तुमच्या आवृत्तीचं गणित बिघडतं. तिच्या २०१४ च्या नियमांत साध्या विषाची कुपी १०० सुवर्णमुद्रांना मिळते आणि सेव्ह हुकल्यावर चार बाजूंच्या एका फाशाइतकं नुकसान करते. लाँगसोर्ड १५ मुद्रांना मिळत असताना ही कुपी कोण घेईल? त्यात विषाला दाद न देणारे राक्षस ढिगानं. विषावर भिस्त ठेवणाऱ्या ‘रोग’ (rogue) या चोरट्या पात्राची ही चक्क फसवणूक आहे.

दोन्ही टोकं टाळण्याचे चांगले प्रयत्नही झाले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत विष ताकद, चपळाई अशा मूळ गुणांवर घाला घालायचं. एकदा लगेच आणि मिनिटभरानं पुन्हा. कल्पना झकास होती, पण ताकद उतरली की हल्ला, नुकसान, ओझं अशी सगळी बेरीज नव्यानं करायची. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीनं ते सोडवलं : विषाला टप्पे दिले. सेव्ह साधला की एक टप्पा मागे, हुकला की एक पुढे. माझं मत याच बाजूला आहे.

कारण खरं विष वेळ घेतं आणि प्रत्येक विषाची चाल वेगळी असते. आपल्याकडची मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही जवळजवळ नसते. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. घोणस चावली तर वेदना आणि सूज लगेच. पुढे रक्त गोठेनासं होतं. म्हणून डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठतंय का, हे पाहतात. एवढ्या सामग्रीत खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला (डीएमला) दोन वेगळी विषं आयती मिळतात.

तेव्हा माझा नियम असा. विषानं हिट पॉइंट्सना हात लावायचा नाही. तुमच्या कोळ्याच्या विषाला तीन टप्पे द्या : आधी बोटं बधिर, म्हणून हल्ल्यावर डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा), मग पाय लटपटतात, वेग निम्मा, मग श्वास कोंडतो, आणि त्यापुढे मृत्यू. दर दहा मिनिटांनी एक सेव्ह, हुकला तर पुढे, साधला तर मागे. मण्यारीसारखं विष असेल तर अंतर तासाचं ठेवा आणि पहिला फासा डीएमनं पडद्याआड टाकावा; खेळाडूला फक्त लक्षण सांगावं. (जखम कापून विष चोखणं सिनेमात ठीक. खऱ्या दंशात त्यानं नुकसानच होतं, आणि मी खेळातही त्याचा फायदा देत नाही.)

उतारा मात्र सोपा ठेवू नका. पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या पातळीच्या एका मंत्रानं विष गायब होतं, तिथेच सगळी हवा जाते. जुन्या ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये दुसऱ्या पातळीचा ‘स्लो पॉयझन’ विष फक्त थोपवून धरायचा. ते उतरवणारा ‘न्यूट्रलाइज पॉयझन’ चौथ्या पातळीचा, म्हणजे क्लेरिक (पुजारी) सातव्या पातळीला पोचेपर्यंत हाती न येणारा. मित्राचं विष तासाभरासाठी थोपलंय आणि उतारा देणारा पुजारी दोन कोस लांब, यापेक्षा चांगली मोहीम विकतच्या पुस्तकात क्वचितच सापडेल.

एक विनंती : हा नियम लावायचा असेल तर मोहीम सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगा, आणि खेळाडू वापरतील त्या विषालाही तोच लागू करा. कोळी चावल्यावर नियम बदलणाऱ्या डीएमला खेळाडू माफ करत नाहीत.