हनुसंधान आणि वैद्याचे कर्तव्य

आमच्याकडे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून येणाऱ्या रुग्णांत तंबाखू-चुना व मिश्रीचे व्यसन असणारे पुष्कळ असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका शेतकऱ्याच्या गालातील व्रणावर आम्ही महिनाभर गंडूष व इरिमेदादि तेल दिले. व्रण भरला नाही. बायोप्सी झाली तेव्हा अर्बुद खालच्या जबड्यात शिरले होते. हाड काढावे लागले. त्या महिन्याची रुखरुख आम्हांस आजही आहे.

संधानकर्म आपणांस नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, गालाच्या त्वचेने नासासंधान करण्याचा विधी आहे. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात कैद होऊन नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानास पुण्याजवळ एका वीटकाराने कपाळाच्या त्वचेचे नाक बसविले. हा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आला. दोन्हींचे मर्म एकच : हलविलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा टिकला पाहिजे.

जबड्यास मात्र केवळ त्वचा पुरत नाही. हनुवटीकडील अस्थी गेल्यास जिभेचा आधार सुटतो, लाळ गळते, गिळणे व बोलणे बिघडते. म्हणून पायातील फिब्युला हे हाड त्वचा व रक्तवाहिन्यांसह काढतात. शरीराचा भार मुख्यतः शेजारचे मोठे हाड पेलत असल्याने रुग्ण पुढे चालू शकतो. हाडाचे तुकडे जबड्याच्या आकारात पट्टीवर बसवून त्याच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांना जोडतात. हिडाल्गो यांनी ही पद्धती १९८९ मध्ये जबड्यासाठी मांडली. हे शक्य नसेल तेथे छातीचा स्नायू त्वचेसह वर फिरवून पोकळी भरतात. त्यात अस्थी नसते.

आपली कर्तव्ये अशी :

१. तोंडातील व्रण अथवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत न गेल्यास रुग्णास बायोप्सीसाठी पाठवावे. लोणी येथे दंत महाविद्यालय आहे.

२. तोंड आल्याचे औषध वारंवार नेणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनी तपासणीस धाडावे.

३. शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सकाच्या संमतीविना गंडूष, लेप वा पोटातील औषध देऊ नये. पातळ पौष्टिक आहार, सांगितलेला तोंड उघडण्याचा व्यायाम व तंबाखूत्याग यांवर लक्ष ठेवावे.

४. किरणोपचार ठरले असल्यास ते सामान्यतः सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. 'आधी शक्ती येऊ द्या' म्हणून रुग्णास थांबवू नये.

अर्बुद लहान असताना पाठविलेल्या रुग्णाचा जबडा बहुधा वाचतो. नवा जबडा घडविणे शल्यचिकित्सकाच्या हाती. वेळेवर पाठविणे आपल्या.